आईच्या तोंडचं नाव

आबा, त्या सकाळी आई पडवीतल्या चुलीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करत होती आणि मी नळावरून आणलेला हंडा तिवईवर ठेवून बंबासाठी गोवऱ्या मोडत होते. थंडीचे दिवस. धुळ्याच्या मिशन कंपाऊंडमधल्या आपल्या घराला दोनच खोल्या, त्यामुळे मागचं सगळं पुढे ऐकू जाई. पुढे तुम्ही बसला होतात, आमचे वडील आणि त्या लहानशा चर्चचे पाळक, आणि तुमच्यासमोर मंडळीतले दोन वडीलधारे सभासद चहाची वाट बघत होते. आईने तवा उतरवायला पदराचं टोक धरलं, ते सरकलं, तवा मनगटाला टेकला आणि तिच्या तोंडून निघालं, "अरे राम!" भाकरी राखेत पडली. आई मनगट हंड्यात बुडवायला वळते आहे, मी भाकरी उचलून झटकते आहे, तोवर तुम्ही मधल्या दारात येऊन उभे.

"काय म्हणालीस?"

"काय म्हनू? हात भाजाई गया."

"भाजला तर देवाला हाक मारावी."

"देवलेच त मारी," आई म्हणाली.

पुढच्या खोलीतल्या दोघांपैकी एक जण हसला. मला आजही वाटतं, तो हसला नसता तर तुम्ही परत जाऊन बसला असतात आणि ती गोष्ट तिथेच संपली असती. आईच्या मनगटाकडे तुम्ही पाहिलंही नाही. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते, म्हणून मला माहीत आहे.

त्या रविवारी तुम्ही तिला उपासनेत उभं केलंत. तुम्ही नगरकडचे, तुमची मराठी पुस्तकातली. आई अमळनेरजवळच्या खेड्यातली. तिच्या गावात सकाळी समोरून येणारा प्रत्येक माणूस राम राम म्हणतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आणि उत्तर देणाराही राम रामच म्हणतो. तिच्यासाठी तो शब्द म्हणजे श्वास टाकणं होतं. तुम्ही तो परक्या देवाचा धावा ठरवलात. हिरवं लुगडं नेसून ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि तुम्ही सांगितलेलं पश्चात्तापाचं वाक्य तुम्ही सांगितलेल्या मराठीत म्हणाली. तरी तुम्ही तिचं प्रभुभोजन ईस्टरपर्यंत बंद केलंत. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीच्या तुकड्यांचं तबक रांगेतून फिरे, त्यामागे द्राक्षरसाच्या वाट्या. आईजवळ आलं की धरणारा माणूस ते थोडं वर उचलून माझ्याकडे देई. मी एकदा माझा तुकडा अर्धा मोडून तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो मला परत दिला. "तुना बाप देखी राह्यना," म्हणाली. तुम्ही खरंच बघत होतात.

तिने तुम्हाला एकदाच प्रश्न विचारला. दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होती, तुम्ही बाजेवर वाचत होतात. "बरं, मना राम आठला म्हनीसन चालत नही. मग तुमना परमेश्वर कोठेन उना? तो बी आठलाच शे ना? शेजारीन रोज त्यालेच हात जोडस." तिच्या बोलीत आठला म्हणजे इथला. तुम्ही पुस्तक खाली न ठेवता म्हणालात, "परमेश्वर हा शब्द आपल्या पवित्र शास्त्रात छापलेला आहे. तुला त्यातलं काय कळतं?" तिने कपडे उचलून आत नेले. त्यानंतर तिने घरात किंवा चर्चमध्ये मोठ्याने प्रार्थना केलेली मला आठवत नाही. ओठ हलायचे. आवाज यायचा नाही. पुढे तुम्ही निवृत्त झालात तेव्हा निरोपाच्या भाषणात तुम्ही अभिमानाने सांगितलंत, माझी पत्नी मूक प्रार्थना करणारी आहे, असा नम्रपणा दुर्मीळ आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई मांडीवरचा रुमाल नीट करत बसली होती.

तुमचा आवाज चांगला होता, हे मी नाकारणार नाही. स्तोत्र वाचायला तुम्ही उभे राहिलात की लहान मुलंही चुळबूळ थांबवायची. आणि तुम्हाला हिब्रू थोडंफार येत होतं, जे आसपासच्या कुठल्याच पाळकाला येत नव्हतं. सेमिनरीतून आणलेला अक्षरांचा तक्ता तुम्ही पुढच्या खोलीत लावला होता. भाऊ मोठा झाल्यावर संध्याकाळी ओट्यावर बसून तुम्ही त्याच्याकडून देवाची नावं पाठ करून घेतलीत. एलोहीम म्हणजे देव. अदोनाय म्हणजे प्रभू, माझा धनी. एल शद्दाय म्हणजे सर्वसमर्थ. आणि ते चार अक्षरांचं नाव, योद हे वाव हे, जे यहुदी लोक वाचताना उच्चारत नाहीत, तिथे अदोनाय म्हणतात. मी आत भांडी घासताना हे सगळं ऐकून त्याच्या आधी पाठ केलं होतं. एकदा मी बाहेर येऊन म्हणाले, मला पण तक्ता शिकवा. तुम्ही म्हणालात, "तुझी मराठी आईसारखी झाली नाही तरी पुष्कळ आहे."

तरी मी विचारायचं सोडलं नाही. मिशनच्या मडमबाईंनी जाताना तुम्हाला दिलेलं इंग्रजी शास्त्र मी हळूच काढून बघायची. वाचता येत नव्हतं, पण अक्षरं ओळखता येत होती. मला दिसलं की लॉर्ड हा शब्द काही ठिकाणी पहिलंच अक्षर मोठं करून छापला आहे आणि काही ठिकाणी चारही अक्षरं मोठी. कधी कधी एकाच पानावर दोन्ही. मी तुम्हाला दाखवलं. "छापणाऱ्यांची हौस असते," तुम्ही म्हणालात आणि पुस्तक माझ्या हातातून घेऊन वरच्या फळीवर ठेवलंत.

छापणाऱ्यांची हौस नव्हती, आबा. हे मला समजायला पन्नाशी उलटावी लागली. लग्न होऊन मी जळगावला आले. माझा नवरा डाळ मिलमध्ये फिटर होता, स्वतः सातवी झालेला, पण मला वाचायची आवड आहे हे कळल्यावर रद्दीच्या दुकानातून पुस्तकं निवडून आणायचा. बरीचशी निरुपयोगी असायची. एकदा वनस्पतिशास्त्राचं जाडजूड पुस्तक आणलं आणि म्हणाला, "चित्रं चांगली आहेत, फुकट जाणार नाही." शब्दकोशही त्यानेच आणला. त्याच्या जोरावर मी इंग्रजी शिकले, रोज दुपारी एक पान. तो गेल्यावर दोन पानं. तसंच एक जुनं इंग्रजी शास्त्र घरात होतं आणि एक दिवस मी त्याची प्रस्तावना वाचली, जी मी इतकी वर्षं उलटून पुढे जात होते. तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. हिब्रूत जिथे ते न उच्चारायचं चार अक्षरांचं नाव आहे, तिथे इंग्रजीत चारही अक्षरं मोठी छापायची. जिथे नुसतं अदोनाय आहे, तिथे पहिलंच. आपल्या मराठीत पहिल्या जागी परमेश्वर आणि दुसऱ्या जागी प्रभू. तुम्हाला हे नक्की माहीत होतं. सेमिनरीत पहिल्या वर्षीच शिकवत असतील. एका वाक्यात सांगता आलं असतं. मुलीसाठी ते एक वाक्य तुम्ही खर्च केलं नाहीत.

मग मी थांबले नाही. मिळेल ते वाचलं, पुढे फोनवरही वाचलं. एल हा शब्द यहुदी लोकांच्या शेजाऱ्यांचा होता, शेजारी आपल्या मोठ्या देवाला एलच म्हणत. इंग्रजांचा गॉड त्यांच्याकडे ख्रिस्ती धर्म पोचायच्या आधीपासूनचा, त्यांच्या जुन्या देवांसाठीचा. एल शद्दायचा नेमका अर्थ कोणालाच ठाऊक नाही. कोणी म्हणतं डोंगरावरचा देव, कोणी म्हणतं त्या शब्दात आईच्या स्तनाचा अर्थ आहे, पाजणारा देव. तुम्ही मंडळीला फक्त सर्वसमर्थ सांगितलंत. इंग्रजीतही तेवढंच आहे, ऑलमायटी. म्हणजे जो तो आपल्या गावात पडलेला शब्द उचलून धुऊन वापरत होता. आईने कपड्यांच्या घड्या घालता घालता तुम्हाला तेच विचारलं होतं. तुम्ही म्हणाल, देव हा शब्द वेगळा, राम हे एका कोणाचं नाव आहे, ते कसं धुणार? बरोबर आहे. मीही त्यावर पुष्कळ विचार केला आणि ते पूर्ण खोडता आलं नाही. पण हात भाजलेला माणूस असा निवडून शब्द काढत नाही, हे समजायला शास्त्र लागत नाही.

एक प्रवचन मी विसरू शकत नाही. तुम्ही त्या न उच्चारायच्या नावावर बोलत होतात. यहुदी लोक आदरामुळे ते नाव घेत नाहीत, धनी म्हणतात, आणि मग तुम्ही हसून म्हणालात, "आमच्या घरीही तसंच आहे. हिने आजवर माझं नाव घेतलेलं नाही." लोक खूप हसले. बायका आईकडे वळून बघायला लागल्या. तुम्ही त्या दिवशी स्वतःला कुठे नेऊन बसवलंत, हे तुमच्या ध्यानात आलं का? आई तुमचं नाव घेत नव्हती, कारण तिच्या आईनेही आपल्या नवऱ्याचं घेतलं नव्हतं. तुम्हाला हाक मारायची तर ती दाराची कडी वाजवायची.

मीही तिच्यासारखीच. नवरा मला नेहमी म्हणायचा, घे की नाव, मी काही पळून जात नाही. माझ्याने झालं नाही. त्याला दवाखान्यात नेलं तेव्हा टेबलाशी बसलेल्या माणसाने विचारलं, पेशंटचं नाव? मी स्ट्रेचरकडे बोट दाखवलं. मागे रांग. शेवटी त्यानेच स्ट्रेचरवरून मान वळवून स्वतःचं नाव सांगितलं आणि त्या माणसाला म्हणाला, "आमच्या बाईंकडून ते वदवायला साहेब अजून मोठा आजार पाहिजे." तो गेल्यावर मी ते घ्यायला लागले. घरात कोणी नसताना, भाजी चिरताना. तोंडात ते नाव आलं की वाईट वाटतं आणि बरंही वाटतं. इतकी वर्षं कोणाच्या सांगण्यावरून मी ते राखून ठेवलं, हे मात्र मला सांगता येत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. आई दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. पावसाळ्यात न्हाणीत घसरून पडली, खुबा मोडला, तेव्हापासून बाजेवर. ऐंशी कधीच उलटली. तुमची पुस्तकी मराठी तिच्यातून पूर्ण गळून गेली आहे, आता फक्त माहेरची बोली उरली. माणसं ओळखते, नाही ओळखत. आणि पडल्यापासून तिला आवाज आला आहे. कूस बदलली की म्हणते, राम राम राम, मोठ्याने, गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातलं ताट घेऊन तशीच उभी राहिले. दुखण्यापेक्षा त्या आवाजाचं मला नवल वाटलं. मी तिचा तो आवाज शेवटचा कधी ऐकला होता?

गेल्या बुधवारी भाऊ आला. तुमच्या जागेवर आता तोच आहे, धुळ्याला. आईने प्रभुभोजन मागितलं होतं, दोन-तीनदा, "माले भाकर दे, चर्चनी" असं म्हणून. मी फोन करून त्याला बोलावलं. एरंडोलवरून बसने उन्हात आला, घामाने भिजलेला, हातात लहान काळी पेटी, तीत चिमुकले पेले. आईने पेटी बघितली आणि लगेच उताणा हात पुढे केला. तिला काही कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी तो हात बघायला हवा होता. तो पेटी उघडून मांडामांड करतो आहे, मी तिला टेकवून बसवायला वळवलं, आणि ती म्हणाली, "राम, राम रे."

त्याचा हात थांबला. "अक्का, आई हे काय म्हणते?"

"कूस बदलली की म्हणते. दुखतं तिला."

"कधीपासून?"

"पडल्यापासून. मध्ये एखादी चक्कर टाकली असतीस तर तुलाही माहीत असतं."

"टोमणे नंतर मार. तू तिला थांबवत नाहीस?"

"या घरात पाळक नाही. कोण थांबवणार?"

त्याने हातातला पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "मला देता येणार नाही. मंडळीला उत्तर द्यावं लागतं मला."

"कुठली मंडळी? इथे तू आहेस, मी आहे आणि खिडकीत शेजारणीचं मांजर आहे. मांजर काही धुळ्याला जाऊन सांगणार नाही."

तो हसला, तुमच्यासारखाच, ओठ न उघडता. वाईट माणूस नाही तो. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. पण पेले तो एकेक करून परत ठेवत होता आणि ठेवता ठेवता म्हणाला, "आबा असते तर त्यांनीही दिलं नसतं."

"हे बरोबर बोललास," मी म्हणाले. "त्यांनी खरंच दिलं नव्हतं. तू तेव्हा पाळण्यात होतास."

आईचा हात अजून तसाच पुढे. पेटी बंद झाल्याचा आवाज आला तेव्हा ती म्हणाली, "माले नही का?"

"पुढच्या महिन्यात देतो हं, आई," तो म्हणाला.

दारात मी त्याला अडवलं. आबांनी तुला नावं पाठ करून घेतली, मी म्हणाले, त्यात एक राहिलं. आपल्या शास्त्रात देवाला स्वतःहून नाव देणारं पहिलं माणूस कोण, सांग. त्याने दोन-तीन मोठ्या पुरुषांची नावं घेतली. मी म्हणाले, नाही. मिसरी दासी. परदेशातली, परक्या देवांत वाढलेली, मालकिणीने छळलेली, पोटुशी, वाळवंटात पळालेली. तिने झऱ्यापाशी बसून त्याला नाव ठेवलं, एल रोई, मला पाहणारा देव. कोणी तिला विचारलं नाही की बाई, हे नाव मंजूर आहे का. इंग्रजीत त्याचं वाक्य करून टाकलंय, म्हणून ते नाव आहे हे ध्यानातही येत नाही. मी समासातल्या टिपेत वाचलं. आबांनी इतकी प्रवचनं केली, तिच्यावर एक केलं का?

"ते वेगळं आहे, अक्का," तो म्हणाला आणि रिक्षात बसला.

मी आत आले. आईने हात आता छातीवर घेतला होता.

"गया का?"

"गेला. बस चुकली असती त्याची."

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली. मला वाटलं डोळा लागला. मग तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "तुना बाप अजून रागेच शे का?"

आबा, तुम्हाला जाऊन पंचवीसएक वर्षं झाली. ती भाकरी, तो तवा, त्या दिवशी तुमच्याबरोबर बसलेली दोन माणसं, कोणीही उरलेलं नाही. आणि ही बाई अजून तुमचा राग उतरायची वाट बघते आहे. तिने तुमच्या मुलाला तुम्ही समजून त्याच्यापुढे हात केला. तुम्ही तो दुसऱ्यांदा रिकामा ठेवलात. मी म्हणाले, नाही गं, आबा रागावलेले नाहीत. तुमच्या वतीने खोटं बोलले. तुम्हाला त्याचं काही वाटणार असेल तर वाटू द्या.

ती संध्याकाळ मी ओसरीत बसून काढली. मी आजवर वाचलेली सगळी नावं आठवली, हिब्रूतली, इंग्रजीतली, आपली. आईला प्रभुभोजन मीच द्यायचं तर त्यातलं कुठलं नाव घेऊन द्यावं, काय म्हणून द्यावं, याचा विचार करत होते. एकही तोंडात येईना. आणि बाईने द्यायचं तरी कसं, ही भीतीही होती. ती तुम्हीच घातलेली.

हे पत्र इतकं मोकळं लिहिता आलं, कारण ते तुम्ही वाचणार नाही. तुम्ही समोरच्या खुर्चीत असता, तर मीही चहा ठेवून आत निघून गेले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिजवलेले मनुके कुस्करून त्यांचा रस गाळला, बेकरीतून ताजा पाव आणला, तो मोडून आईच्या हातावर ठेवला, रस तिला चमच्याने पाजला आणि उरलेला पाव तिच्या बाजेवर बसून मी खाल्ला.